विजयदिनाच्या सुट्ट्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातील एका गावात आमची अभ्यासिका चालते. पोलीस भरती, सैन्य भरती आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुले तेथे बसतात, आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज सकाळी दिनविशेष लिहिला जातो. तो लिहिला की प्रश्न सुरू होतात. युद्धातील विजयांच्या दिवसांबद्दल मुले विचारतात, त्यांचे पालक विचारतात आणि डिसेंबर महिन्यात संत्र्याचे बागायतदारही विचारतात. दरवर्षी तेच ते प्रश्न येत असल्यामुळे उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विजय दिवस नेमका कोणता, १६ डिसेंबर की २६ जुलै?

दोन्ही, परंतु नावे वेगळी आहेत. नुसते 'विजय दिवस' म्हटले की १६ डिसेंबर समजावा. ३ डिसेंबर १९७१ रोजी सुरू झालेले भारत-पाकिस्तान युद्ध १६ डिसेंबरला संपले. ढाक्याच्या रमना रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यासमोर शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली, आणि सुमारे ९३,००० लोक युद्धकैदी झाले. २६ जुलै हा 'कारगिल विजय दिवस' असून तो १९९९ च्या युद्धाचा आहे. त्या युद्धात आपले ५२७ सैनिक शहीद झाले. भरतीच्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७१ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले लान्स नायक अल्बर्ट एक्का हे १४ गार्ड्सचे होते, आणि या गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आपल्या कामठीला आहे.

२. सार्वजनिक सुट्टी, स्थानिक सुट्टी आणि नुसता 'दिन' यांत फरक काय?

सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो, म्हणून हे उत्तर आधी वाचावे. राज्य शासन दरवर्षी परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते. त्या दिवशी शासकीय कार्यालये आणि बँका बंद राहतात. याखेरीज जिल्हाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरत्या मोजक्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे मिळते ती या प्रकारची. तिसरा प्रकार पाळण्याच्या दिवसांचा. १५ जानेवारीचा सेना दिन किंवा ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन हे असे दिवस आहेत. ध्वजदिनाच्या निधीसाठी शाळेत डबा फिरतो, छातीला छोटा झेंडा लागतो, परंतु शाळा भरलेली असते.

इतर देशांतही थोड्याफार फरकाने हीच विभागणी आहे. त्यामुळे 'अमुक देशाचा विजयदिन' असे वाचले की त्या दिवशी तेथे कामाला सुट्टी असते, की फक्त संचलन आणि पुष्पचक्र असते, हे वेगळे तपासावे लागते.

३. एवढा मोठा विजय मिळाला, तरी १६ डिसेंबरला आपल्याला सुट्टी का नाही?

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या आपल्या तीनच राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, आणि त्यांतील एकही लढाईतील विजयाची नाही. १६ डिसेंबरला दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आणि लष्करी छावण्यांमध्ये मानवंदना होते, इतकेच. आपल्या भागातील शासकीय कर्मचाऱ्यांना तर त्या सुमारास बहुधा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनामुळे हक्काची रजाही मिळत नाही.

माझे मत विचाराल, तर सुट्टी नसण्यात अपमान काही नाही. जगातील विजयदिनांची यादी पाहिली की असे दिसते की ज्या विजयामुळे देश जन्माला आला किंवा नष्ट होता होता वाचला, त्याच विजयाला तो देश सहसा सुट्टी देतो. १९७१ च्या विजयाने देश निर्माण झाला तो बांगलादेश, आणि सुट्टीही त्यांचीच आहे (प्रश्न ४ पाहावा).

४. डिसेंबरच्या मध्यात संत्र्याच्या गाड्या बांगलादेशच्या सीमेवर का अडतात?

हा प्रश्न दिनविशेष वाचणाऱ्यांचा नाही, ज्यांचा माल रस्त्यावर असतो त्यांचा आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बागायतदाराचा रात्री साडेदहाला फोन आला. आंबिया बहाराचा माल क्रेटमध्ये भरून रवाना झाला होता, गाडी पश्चिम बंगालमध्ये पेट्रापोलजवळ रांगेत उभी होती आणि चालक सांगत होता की पलीकडचे फाटक उद्या उघडणार नाही. बागायतदाराला वाटले, पुन्हा आयात शुल्काची काही भानगड झाली. मी कॅलेंडर पाहिले. दुसऱ्या दिवशी १६ डिसेंबर होता.

बांगलादेशात १६ डिसेंबर हा 'बिजय दिबस' असून ती राष्ट्रीय सुट्टी आहे. कार्यालये व बँका बंद असतात, सावर येथील राष्ट्रीय स्मारकावर पहाटेपासून गर्दी लोटते, आणि बेनापोल-पेट्रापोल मार्गावरील मालवाहतूक त्या दिवशी थांबते. तेथील सरकारी साप्ताहिक सुट्टी शुक्रवार आणि शनिवारची असल्यामुळे १६ डिसेंबर गुरुवारी आला, तर कार्यालयीन कामांत सलग तीन दिवसांचा खंड पडतो. संत्रा तोपर्यंत वाट पाहत नाही. खालच्या थरातील फळ आधी मऊ पडते. म्हणून तोडणीची तारीख ठरवतानाच दलालाला पलीकडच्या सुट्ट्या विचारून घ्याव्यात.

बांगलादेशचा स्वातंत्र्यदिन मात्र २६ मार्चला असतो, कारण १९७१ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा त्या दिवशी झाली. मार्चमध्ये घोषणा आणि डिसेंबरमध्ये विजय, अशा दोन वेगळ्या सुट्ट्या तेथे आहेत. परीक्षेत दोन्ही तारखा पर्यायांत ठेवलेल्या असतात.

५. दुसरे महायुद्ध एकच होते, मग युरोपचा विजयदिन ८ मे आणि रशियाचा ९ मे कसा?

जर्मनीने शरणागतीवर दोनदा सही केली. पहिली सही ७ मे १९४५ च्या पहाटे फ्रान्समधील रॅन्स शहरात झाली. सोव्हिएत नेतृत्वाला हे मान्य नव्हते. ज्या बर्लिनसाठी त्यांच्या सैन्याने रक्त सांडले, तेथेच मुख्य समारंभ व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे ८ मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागात दुसरी सही झाली. लढाई थांबवण्याची वेळ ८ मेच्या रात्री ११ वाजून १ मिनिटाची ठरली होती, आणि मॉस्कोचे घड्याळ पुढे असल्यामुळे तेथे तेव्हा ९ तारीख लागलेली होती. क्षण एकच, पण भिंतीवरची कॅलेंडरे दोन.

या दिवसाची सुट्टी अखंड चालत आली आहे, हाही गैरसमज आहे. सोव्हिएत संघात ती पहिली काही वर्षेच होती. १९४८ पासून ९ मे पुन्हा कामाचा दिवस झाला आणि विजयाला वीस वर्षे झाली, तेव्हा १९६५ मध्ये ब्रेझनेव्ह यांच्या काळात सुट्टी परत आली. युद्धानंतर उभारणीची कामे डोंगराएवढी होती, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. फ्रान्सनेही ८ मेची सुट्टी मध्यंतरी काढून टाकली होती आणि ती १९८१ मध्ये पुन्हा सुरू केली. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून आपला दिवस ९ वरून ८ मेवर आणला. त्यात इतिहासापेक्षा वर्तमानातील युद्धाचा भाग अधिक आहे, हे सांगायला नको.

६. मुलगी रशियात वैद्यकीय शिक्षणाला आहे. ९ मेला महाविद्यालय बंद असते का?

होय. ९ मे आणि १ मे या दोन्ही तेथील कामबंद सुट्ट्या आहेत. तारीख शनिवारी किंवा रविवारी आली, तर सुट्टी सामान्यतः पुढच्या कामाच्या दिवशी दिली जाते. शुल्काचे पैसे त्या आठवड्यात पाठवायचे असतील, तर एप्रिलअखेरीसच पाठवावेत. मॉस्कोत असेल, तर ९ मेच्या सकाळी लाल चौकातील संचलनामुळे मध्यभागातील रस्ते बंद असतात, हेही तिला सांगून ठेवावे.

७. इंग्लंड आणि अमेरिका महायुद्ध जिंकले, तर त्यांच्याकडे विजयदिनाची सुट्टी का नाही?

ब्रिटनमध्ये ८ मेची वार्षिक सुट्टी नाही. १९९५ आणि २०२० मध्ये, म्हणजे पन्नासाव्या व पंच्याहत्तराव्या वर्षी, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारची नेहमीची सुट्टी तेवढ्यापुरती ८ मेवर हलवली गेली. ब्रिटनमधील स्मरणाचा मुख्य दिवस नोव्हेंबरमधील रविवारी येतो, आणि त्याचा सूर विजयाचा नसून गेलेल्या माणसांचा आहे.

अमेरिकेत ११ नोव्हेंबर ही संघराज्याची सुट्टी आहे. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये त्या दिवशी थांबले. पुढे १९५४ मध्ये तिचे नाव बदलून ती सर्व माजी सैनिकांच्या नावे करण्यात आली. अपवाद शोधणाऱ्यांसाठी एक आहे. ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी 'विजय दिन' म्हणून आजही कायदेशीर सुट्टी असते, आणि जपानच्या शरणागतीची अशी सुट्टी ठेवणारे अमेरिकेतील ते एकमेव राज्य उरले आहे. फ्रान्स आणि बेल्जियम यांनी मात्र ११ नोव्हेंबरची सुट्टी कायम ठेवली आहे.

८. आपल्या विदर्भातील एखाद्या लढाईचा विजयदिन का नाही?

येथे मोठ्या लढाया झाल्या, पण त्यांत आपण हरलो, हे त्याचे सरळ उत्तर आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ इंग्रजांनी भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, दोनच दिवसांनी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी जो तह झाला, त्याच्या नावातच आपले अंजनगाव-सुर्जी आहे. पुढे नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्यालाही यश आले नाही. सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी सामान्य लोकांसाठी उघडतो. ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी बर्डीवर खरेदीला गेल्यावर नुसते खालून पाहण्यापेक्षा एकदा वर जाऊन यावे.

गाविलगड घेणाऱ्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८ जून १८१५ रोजी त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. वॉटर्लूची सुद्धा ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टी नाही (प्रश्न ७ पाहावा). तेव्हा गाविलगडची कोणी का पाळावी!

दोन दिवसांचा उल्लेख येथेच करावा लागेल. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव भीमा येथील लढाईच्या स्मरणार्थ विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आपल्याकडून दरवर्षी गाड्या भरून लोक जातात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले होते. तो दिवस शौर्य दिन म्हणून पाळला जातो, परंतु ती राज्यभराची सार्वजनिक सुट्टी नाही. दुसरा दिवस दसरा. त्याच्या नावातच विजय आहे आणि त्याची सार्वजनिक सुट्टीही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. कलिंगनंतर शस्त्र खाली ठेवणाऱ्या राजाचा हा विजय असल्यामुळे तो या यादीत बसतो की नाही, यावर अभ्यासिकेत दरवर्षी वाद होतो. मी तो मिटवत नाही.

९. इथिओपियाचा अडवा विजयदिन काही पुस्तकांत १ मार्च आणि काहींत २ मार्च का दिलेला असतो?

दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर आहेत. सम्राट दुसरा मेनेलिक याच्या सैन्याने अडवा येथे इटलीच्या जनरल बाराटिएरीचा पराभव केला, तो दिवस आपल्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे १ मार्च १८९६ होता. इथिओपियाच्या स्वतःच्या पंचांगात ती येकातित महिन्याची २३ तारीख होती आणि सुट्टी त्या तिथीला असते. त्यांचे पंचांग जुन्या ज्युलियन पद्धतीने चालते. इंग्रजी कॅलेंडरने १९०० हे लीप वर्ष धरले नाही, त्यांच्या पद्धतीत मात्र तो जादा दिवस आला, म्हणून अंतर एका दिवसाने वाढले. तेव्हापासून येकातित २३ ही २ मार्चला येते. आपली संक्रांत १४ जानेवारीवरून कधी कधी १५ ला सरकते, त्याचे कारण वेगळे आहे, पण तिळगुळाच्या दिवशी होणारा गोंधळ याच जातीचा.

लढाईचे कारणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८८९ च्या वुचाले तहाच्या दोन प्रती होत्या. इथिओपियाला परराष्ट्र व्यवहारासाठी इटलीची मदत घेता येईल, असे अम्हारिक प्रतीत होते. इटालियन प्रतीत ते घेणे बंधनकारक होते. सातबाऱ्यावरील एका शब्दासाठी तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आपल्याकडील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

१०. ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन आहे का?

नाही, तो १६ सप्टेंबरला असतो. ५ मे १८६२ रोजी प्युएब्ला येथे जनरल इग्नासिओ सारागोसा याच्या सैन्याने फ्रेंचांना हरवले, त्याचा हा दिवस आहे. फ्रेंचांनी पुढच्याच वर्षी परत येऊन राजधानी घेतली. मेक्सिकोत ती देशभर कामबंद सुट्टी नाही, प्युएब्ला राज्यात मात्र तिचे महत्त्व मोठे आहे. गंमत अशी की या दिवसाचा गाजावाजा मेक्सिकोपेक्षा अमेरिकेत अधिक होतो.

११. पराभवाच्या दिवशी सुट्टी देणारे देशही आहेत का?

आहेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड २५ एप्रिलला सुट्टी पाळतात, ती १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले त्याची. ती मोहीम फसली होती. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती चिली आणि पेरू यांची जोडी.

१८७९ मध्ये या दोन देशांत युद्ध चालू होते. २१ मे रोजी इकिके बंदरासमोर पेरूच्या 'वास्कार' या लोखंडी जहाजाने चिलीचे 'एस्मेराल्दा' हे जुने लाकडी जहाज बुडवले. चिलीचा कप्तान आर्तुरो प्रात उडी मारून शत्रूच्या जहाजावर चढला आणि तेथेच मारला गेला. वास्कारचा सेनानी मिगेल ग्राऊ याने प्रातची तलवार आणि त्याच्या अंगावरील वस्तू त्याच्या पत्नीकडे पाठवल्या, सोबत सांत्वनाचे पत्र लिहिले. पुढे ८ ऑक्टोबरला आंगामोसच्या लढाईत चिलीने वास्कार पकडले आणि ग्राऊ त्याच जहाजावर मारला गेला. आज २१ मेची सुट्टी चिलीत आहे आणि ८ ऑक्टोबरची पेरूत. जहाज एकच, आणि दोन्ही देश सुट्टी देतात ती आपला माणूस पडला त्या दिवशी.

१२. एका देशाचा विजयदिन शेजाऱ्याच्या दृष्टीने काय असतो?

बहुधा दुखवटा किंवा मौन. क्रोएशियात ५ ऑगस्ट ही सुट्टी आहे, कारण १९९५ मध्ये त्यांच्या सैन्याने त्या दिवशी क्निन शहर घेतले. तेथून बाहेर पडावे लागलेल्या सर्बांसाठी सर्बिया त्याच सुमारास शोकसभा घेतो. व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल, म्हणजे १९७५ मध्ये सायगाव पडले तो दिवस, ही मोठी सुट्टी असून लगेच १ मे येत असल्यामुळे जोडसुट्टी मिळते. पण देश सोडून गेलेल्या व्हिएतनामी लोकांना त्या तारखेचे नाव काढलेले आवडत नाही.

विजय नेमका कोणाचा, हेच जेथे वादग्रस्त आहे, असेही दिवस आहेत. ६ ऑक्टोबर ही इजिप्तमध्ये १९७३ साली सुएझ कालवा ओलांडल्याची सुट्टी आहे, परंतु त्या युद्धाचा शेवट इजिप्तला हवा तसा झाला, असे इस्रायल म्हणणार नाही. उत्तर कोरिया २७ जुलैला विजय साजरा करतो. १९५३ मध्ये त्या दिवशी झाला होता तो फक्त युद्धविराम. पाकिस्तानचा ६ सप्टेंबरचा दिवस १९६५ च्या युद्धाचा असून त्यांनी त्याला विजयाऐवजी 'संरक्षण दिन' म्हटले आहे.

१३. बांगलादेशाव्यतिरिक्त भारतीय सैन्यामुळे मिळालेला विजयदिन कोणत्या देशात आहे?

मालदीवमध्ये. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी भाडोत्री सशस्त्र लोकांनी राजधानी मालेवर हल्ला करून राष्ट्राध्यक्ष गयूम यांची सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला. गयूम यांनी भारताकडे मदत मागितली आणि त्याच रात्री आपले पॅराट्रूपर आग्र्याहून विमानाने हुलहुले विमानतळावर उतरले. या मोहिमेचे नाव 'ऑपरेशन कॅक्टस'. ३ नोव्हेंबर हा तेथे विजयदिन असून त्याची सुट्टी असते.

परीक्षेच्या दृष्टीने आणखी तीन सुट्ट्या थोडक्यात सांगतो. तुर्कस्तानची ३० ऑगस्टची सुट्टी १९२२ मध्ये डुम्लुपिनार येथे मुस्तफा केमाल यांनी ग्रीक सैन्यावर मिळवलेल्या विजयाची आहे. एस्टोनियाची २३ जूनची सुट्टी १९१९ च्या लढाईची आहे, आणि ती लढाई आजच्या लाटव्हियाच्या भूमीवर झाली होती. माल्टाच्या ८ सप्टेंबरच्या सुट्टीत १५६५ चा तुर्कांचा उठलेला वेढा आणि १९४३ ची इटलीची शरणागती, असे दोन काळ एकत्र आले आहेत.

१४. मार्गदर्शक पुस्तकात एक आणि येथे दुसरेच असेल, तर उत्तर कोणते लिहावे?

एका पुस्तकात १६ डिसेंबर 'राष्ट्रीय सुट्टी' म्हणून छापलेला होता. मी तो न तपासता फळ्यावर उतरवला आणि सराव चाचणीत सतरा मुलांनी माझ्या भरवशावर चुकीच्या पर्यायावर खूण केली. तेव्हापासून भारतातील सुट्टीसाठी मी फक्त सामान्य प्रशासन विभागाची त्या वर्षाची अधिसूचना पाहतो. परदेशाच्या बाबतीत 'यंदाची सुट्टी' आणि 'दरवर्षीची सुट्टी' यांत फरक करावा. चीनने २०१५ मध्ये ३ सप्टेंबरला जपानवरील विजयाच्या सत्तराव्या वर्षानिमित्त सुट्टी दिली होती. ती एकदाच होती, आणि ती वार्षिक म्हणून अजूनही काही ठिकाणी सांगितली जाते.

१५. गावातील माजी सैनिकाच्या सत्कारासाठी १६ डिसेंबरला शाळा बंद ठेवता येईल का?

मुख्याध्यापकांच्या अधिकारात वर्षाला काही सुट्ट्या असतात, त्यांतून एखादी देता येते. शालेय व्यवस्थापन समितीशी आधी बोलून घ्यावे. आमच्या गावात हा विषय एकदा निघाला होता. १९७१ साली पूर्व आघाडीवर असलेले एक निवृत्त हवालदार बैठकीत मागच्या बाकावर बसले होते. शाळेला सुट्टी द्यायची ठरते आहे, असे ऐकल्यावर ते म्हणाले, "पोट्टे घरी गेल्यावर मी बोलू कोणापाशी?" त्यामुळे आमच्याकडे कार्यक्रम परिपाठानंतर होतो, मुलांना एकेक संत्रा मिळतो आणि तासिका वेळापत्रकाप्रमाणे होतात.